युयुत्सूची कादंबरी कुरुक्षेत्रावर का अडकते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युयुत्सूच्या, म्हणजे धृतराष्ट्राला दासीपासून झालेल्या आणि युद्धात पांडवांकडे गेलेल्या मुलाच्या, तोंडून महाभारत सांगणारी कादंबरी तुम्ही लिहायला घेतली आहे. दीडशे पानं झाली आहेत, द्यूतसभेपासून अभिमन्यूवधापर्यंत सगळं आलं आहे. पण ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, "छान आहे, पण हे तर माहीतच आहे." शिवाय तीन पोटप्रश्न: युयुत्सूच्या आईचं नाव काय ठेवावं, कल्पनेची मुभा किती घ्यावी, आणि शीर्षक नुसतं 'युयुत्सु' चालेल का.

पौराणिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचायची, समासात शेरे मारायचे आणि मग लेखकांशी वाद घालायचा, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. तुम्ही सोबत पाठवलेलं हस्तलिखित वाचलं. तुमचे वाचक बरोबर बोलताहेत. भाषा वगैरे नंतर बघू, आधी मुळातली अडचण.

उपेक्षित पात्रं दोन प्रकारची असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. काहींना कथेतल्या माणसांनी डावललेलं असतं, तर काहींना खुद्द कथेनंच. कर्ण पहिल्या प्रकारचा. समाजानं त्याला सूतपुत्र म्हणून हिणवलं, पण व्यासांनी त्याच्याकडे जरासुद्धा दुर्लक्ष केलेलं नाही. त्याच्या नावाचं अख्खं पर्व आहे, प्रत्येक मोठ्या प्रसंगात तो हजर आहे, बोलतो आहे, चुकतो आहे. म्हणून 1967 साली 'मृत्युंजय' आली तेव्हा कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या प्रथमपुरुषी निवेदनात ती कथा मावली. सांगणारा माणूस आणि गाजलेला प्रसंग एकाच जागी होते. त्याआधी 1959 च्या 'ययाति'तही तेच: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, तिघेही गोष्टीच्या मध्यभागी.

युयुत्सु दुसऱ्या प्रकारचा. त्याच्याकडे महाभारताचं लक्षच नाही. तुम्ही मात्र त्याला कर्णाच्या साच्यात बसवलंत. द्यूतसभेत तो खांबाला टेकून सगळं बघतो, वनवासाला निघालेले पांडव त्याला गवाक्षातून दिसतात, अभिमन्यू पडतो तेव्हाही तो नेमका जवळपास असतो. वाचकाला हे प्रसंग तोंडपाठ आहेत. त्यात एक बघ्या वाढला एवढंच झालं.

याच अडचणीतून जीन ऱ्हिस यांनी 1966 च्या 'वाइड सारगासो सी'मध्ये वाट काढली. 'जेन एअर' या जुन्या इंग्रजी कादंबरीत नायकानं माडीवर कोंडलेली ती वेडी बायको. तिची गोष्ट सांगायची म्हणून ऱ्हिसनं इंग्लंडमधलं ते घर तिच्या नजरेतून पुन्हा रंगवलं नाही. कादंबरीचा बहुतेक भाग कॅरिबियन बेटांवर घडतो, जिथे मूळ कादंबरी फिरकतसुद्धा नाही. माडी येते ती शेवटच्या छोट्या भागात. मूळ गोष्टीची पाठ जिकडे होती तिकडे ती लेखिका गेली.

तर मग महाभारताची पाठ युयुत्सूच्या बाबतीत कुठे होती? त्यासाठी मूळ संहिता उघडा. मालिका नको, संक्षिप्त आवृत्ती नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती घ्या. 1919 साली सुरू झालेलं ते काम 1966 मध्ये पुरं झालं आणि त्यासाठी 1259 हस्तलिखितं तपासली गेली. संस्कृत जड जात असेल तर चिपळूणकर मंडळींचं जुनं मराठी भाषांतर आहे, फक्त ते चिकित्सित आवृत्तीच्या आधीचं आहे एवढं लक्षात ठेवा. त्यातून युयुत्सूचे सगळे उल्लेख एका वहीत उतरवून काढा. दोन-तीन बैठकींचं काम आहे, कारण उल्लेख थोडे आहेत. त्या थोड्यांतच तुमची कादंबरी आहे.

मला त्यातले कुठले मोलाचे वाटतात ते सांगते.

आदिपर्वात गांधारीचा गर्भ लांबलेला असताना धृतराष्ट्राच्या सेवेला एक वैश्य स्त्री होती, तिच्यापासून त्याच वर्षी युयुत्सु झाला. म्हणजे वयानं तो दुर्योधनाच्या बरोबरीचा. पुढे दुर्योधन भीमाच्या अन्नात दुसऱ्यांदा विष घालतो, तेव्हा पांडवांना येऊन सांगतो तो हाच. पोरवयात त्यानं केवढी जोखीम घेतली बघा. आणि त्याचं पुढे होतं काय? भीम ते अन्न खातो आणि पचवून टाकतो! एका मुलानं जिवावर उदार होऊन बातमी आणली आणि ती कुणाच्या उपयोगीच पडली नाही. तुमच्या पहिल्या प्रकरणात हे एका ओळीत उरकलं आहे. मला विचाराल तर तेच पहिलं प्रकरण आहे. त्याला हे कळलं कसं? राजपुत्रांच्या पंक्तीला बसणाऱ्याला कळलं, की मुदपाकखान्यात ज्याची उठबस होती त्याला? संहिता सांगत नाही. तिथे तुमचं काम सुरू होतं.

द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूनं दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उठून बोलतो, तेही भर सभेत. युयुत्सूचा उल्लेख येतो तो नंतर, दुसऱ्या द्यूताच्या आधी. 'आता द्यूत नको' म्हणणाऱ्या मोठमोठ्या मंडळींच्या यादीत द्रोण, विदुर, भूरिश्रवा यांच्या जोडीला तोही एक नाव. आता गंमत अशी की भर सभेत बोललेला विकर्ण युद्धात भावांच्याच बाजूनं लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. यादीत नाव असलेला युयुत्सु बाजू बदलतो आणि जगतो. या दोन भावांचं एकमेकांशी काय बोलणं झालं असेल? तुमच्या दीडशे पानांत विकर्ण एकदाच येतो आणि तोही भाषण करायला.

मग भीष्मपर्व. युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिर वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेऊन परततो आणि दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो, आमच्याकडे कुणाला यायचं आहे का? युयुत्सु पुढे होतो. तुम्ही इथे धर्म-अधर्माचं स्वगत चार पानं लिहिलं आहे. ते काढा आणि युधिष्ठिर काय म्हणतो ते वाचा. त्याचं स्वागत करताना तो म्हणतो, "त्वयि पिण्डश्च तन्तुश्च धृतराष्ट्रस्य दृश्यते." धृतराष्ट्राचा पिंड आणि वंशाचा धागा आता तुझ्यात दिसतो आहे. अजून एक बाण सुटलेला नाही! आणि धर्मराज त्याला प्रेमानं सांगतो आहे की तुझे बाकीचे सगळे भाऊ मरणार आणि त्यांच्या बापाला पाणी द्यायला तू उरणार. हे ऐकून युयुत्सु पांडवांच्या सैन्याकडे निघतो. त्या वाटेवर त्याच्या डोक्यात काय होतं, हा प्रश्न चार पानांच्या धर्मचर्चेपेक्षा फार मोठा आहे.

अठराव्या दिवशी कौरवांची छावणी फुटते, राजस्त्रिया पळत सुटतात. युधिष्ठिर आणि कृष्णाची परवानगी घेऊन युयुत्सु त्यांच्याबरोबर हस्तिनापूरला जातो. सूर्य मावळताना पोचतो, विदुर भेटतो, आणि ती रात्र तो स्वतःच्या घरी काढतो. ती रात्र कोणती? तीच, जेव्हा अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. द्रौपदीचे पाचही मुलगे गेले, धृष्टद्युम्न गेला. युयुत्सु छावणीत असता तर? हरलेल्या बाजूच्या बायकांना घरी सोडायला गेला म्हणून वाचला. मी हा धागा आजवर कुठल्या हस्तलिखितात पाहिलेला नाही.

इथपर्यंतचं एक वेळ कुणी लिहीलही. खरी खाण पुढे आहे, जिथे आपण महाभारत मिटून ठेवतो.

राज्याभिषेकानंतर युधिष्ठिर कामं वाटून देतो. भीमाला यौवराज्य, नकुलाकडे सैन्याची देखरेख, सहदेव कायम जवळ. मग विदुर, संजय आणि युयुत्सु यांना धृतराष्ट्राबद्दल सांगतो, या राजाचं, माझ्या वडिलांचं, जे काही असेल ते तुम्ही तत्परतेनं करायचं. माझ्या वडिलांचं! हे ज्याला सांगितलं जातंय त्याचा तो सख्खा बाप आहे. युधिष्ठिराच्या मनात वाईट काही नाही. म्हणूनच ते लागतं.

त्यानंतर पंधरा वर्षं धृतराष्ट्र त्या वाड्यात राहतो. भीम त्याला ऐकू जाईल अशा बेतानं दंड थोपटून सांगत असतो की आंधळ्याची पोरं याच हातांनी मारली. त्या बोलण्याला कंटाळून म्हातारा वनात जायला निघतो. निघण्यापूर्वी मुलांच्या श्राद्धासाठी पैसे मागतो, तर भीम तेही द्यायला तयार नसतो, अर्जुन त्याची समजूत घालत बसतो. एका घरात मेलेल्या शंभर भावांच्या श्राद्धाच्या खर्चावरून वाद चाललाय आणि त्यांचा जिवंत उरलेला एकमेव भाऊ त्याच घरात राहतो. संहितेत त्या प्रसंगी त्याच्या तोंडी एक अक्षर नाही. मला हा प्रसंग गीतेपेक्षा कादंबरीच्या जास्त कामाचा वाटतो, आणि हे मी गीतेबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतेय.

आता वहीतल्या नोंदी एकाखाली एक ठेवून बघा. अश्वमेधासाठी हिमालयातलं धन आणायला पांडव निघतात, राजधानीत मागे कुणाला ठेवतात? युयुत्सूला. वनात धृतराष्ट्र-गांधारी-कुंतीला भेटायला सगळं राजकुटुंब, नगरातले लोकसुद्धा निघतात, नगर सांभाळायला मागे कोण? धौम्य पुरोहित आणि युयुत्सु. शेवटी महाप्रस्थानाला निघताना अभिमन्यूच्या मुलाला, परीक्षिताला, गादीवर बसवतात आणि राज्याची सगळी जबाबदारी कुणावर टाकतात? पुन्हा युयुत्सूवर. पांडव उत्तरेकडे चालू लागतात तेव्हा कृपाचार्य वगैरे मंडळी त्याच्याभोवती उभी असतात, एवढं सांगून कथा त्याला सोडून पांडवांच्या मागे जाते.

म्हणजे जो बाजू सोडून गेला म्हणून आपल्या लक्षात आहे, त्याचं महाभारतातलं खरं काम मागे राहण्याचं आहे. सगळे कुठेतरी जातात आणि हा घर राखतो. तुमच्या कादंबरीचा कणा हा.

यातली मधली खेप नीट बघा. वनात सगळे जमलेले असताना काय घडतं? व्यास गंगेतून युद्धात मेलेल्या सगळ्यांना एका रात्रीपुरतं वर आणतात. दुर्योधन, दुःशासन, कर्ण, अभिमन्यू, द्रौपदीची मुलं, सगळे येतात, वैर विसरून एकमेकांना भेटतात. आईला मुलं भेटतात, बायकांना नवरे. आणि युयुत्सु? तो हस्तिनापुरात दरवाजे सांभाळत बसला आहे. शंभर भावांना पुन्हा भेटायची एकच रात्र होती आणि त्याची पहाऱ्याची पाळी होती. हे व्यासांनी मुद्दाम केलं की सहज झालं, कोण जाणे. पण ही गोष्ट त्याला कळली कधी? परत आलेल्यांपैकी कुणी सांगितली? कशी सांगितली? का कुणीच सांगायचं धाडस केलं नाही? एवढ्यावर पन्नास पानं निघतील आणि त्यातलं एकही वाचकाला 'माहीत' नसेल.

पुढे वणव्यात धृतराष्ट्र, गांधारी, कुंती जातात. नारद बातमी आणतात. पांडव गंगेवर जाऊन पाणी देतात, तेही युयुत्सूला पुढे करून. पहिल्या दिवशी युधिष्ठिर जे बोलला होता ते असं खरं होतं.

आता निवेदन. 'मी' ठेवायचा असेल तर तो कुणाला सांगतोय ते आधी ठरवा. महाभारतात हवेत कुणी बोलत नाही: संजय धृतराष्ट्राला सांगतो, वैशंपायन जनमेजयाला. आणि ऐकणारा कोण यावर सांगणाऱ्याचं सगळं अवलंबून असतं. याचा उत्तम नमुना सभापर्वातच आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा निवेदक सांगतो की भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर हसले. द्रौपदीचं नावही नाही, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे तर नाहीच. कृष्ण आधीच द्वारकेला गेलेला आहे. पण हाच दुर्योधन घरी येऊन बापाला सांगतो तेव्हा कृष्ण हसला, द्रौपदी बायकांसह हसली असं सांगतो! अपमान झालेल्या माणसाला किती जण हसताना दिसतात ते बघा. व्यासांनी यावर काही टिप्पणी केलेली नाही, दोन्ही हकिगती ठेवून दिल्यात. तुमचा युयुत्सु मात्र सगळं अचूक पाहतो आणि अचूक सांगतो. त्यालाही थोडं चुकू द्या.

ऐकणारा म्हणून मी परीक्षित सुचवेन. छोटा मुलगा नव्हे हं, मालिकांनी तो घोळ करून ठेवलाय. युद्ध संपलं तेव्हा तो उत्तरेच्या पोटात होता आणि पांडव गेले छत्तीस वर्षांनी, म्हणजे गादीवर बसला तो पस्तिशी ओलांडलेला माणूस. त्याच्या बापाच्या डोक्यात शेवटची गदा घातली ती दुःशासनाच्या मुलानं, म्हणजे सांगणाऱ्याच्या पुतण्यानं. आणि ऐकणाऱ्याच्या आजोबांनी सांगणाऱ्याचे शंभर भाऊ मारले. असे दोघे एका वाड्यात राज्य चालवताहेत. तिथे प्रत्येक वाक्य जपून टाकावं लागेल, आणि ते जपणं वाचकाला जाणवलं की तुमचं निम्मं काम झालं.

भाषेबद्दल फार बोलत नाही, एक नमुना देते. तुमच्या पहिल्या पानावर आहे: "माझ्या हृदयात रक्त आणि धर्म यांचं तुंबळ युद्ध पेटलं होतं. हे नियते, तू हा कोणता खेळ मांडला आहेस!" हे वाक्य कुठल्याही पौराणिक कादंबरीत कुणाच्याही तोंडी चालेल, म्हणून ते तुमचं नाही. वनभेटीच्या वेळी नगर रिकामं असतानाचा प्रसंग मी असा सुरू करीन:

"सगळे गेल्यावर तिसऱ्या दिवशी धौम्यांनी विचारलं, उत्तरेच्या दारावर माणसं वाढवायची का. म्हटलं, चालून येणार कोण आता? उरलंय कोण? धौम्य हसले नाहीत. संध्याकाळी मी माणसं वाढवली."

असंच लिहा असं नाही. पण राखणदाराची भाषा माणसं, दारं, धान्य, पाळ्या यांची असते. दुःख त्यातूनच येऊ द्या, त्याला वेगळं आसन मांडू नका. 'आर्यपुत्र', 'हे तात' हेही कमी करा. दासीच्या पोटी जन्मलेला, वाड्याच्या मागच्या दारानं वाढलेला माणूस इतकं नटवं बोलणार नाही.

आणि त्याचं वकीलपत्र घेऊ नका. मराठीत कर्णाची वकिली इतकी झाली आहे की सभेत द्रौपदीची वस्त्रं काढायला सांगणारा तोच होता हे वाचकांना सांगावं लागतं. युयुत्सूनं सोडून जाणं बरोबर होतं असं महाभारतच म्हणतं, विदुर त्याला शाबासकी देतो. तुम्ही पुन्हा तेच सिद्ध करून काय मिळवणार? बरोबर वागलेल्या माणसाला छत्तीस वर्षं त्या बरोबर वागण्यासोबत राहायला कसं वाटलं, हे लिहा.

धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' तुम्ही वाचलं असेलच. नसेल तर आधी वाचा, कारण तुमच्या चोखंदळ वाचकाच्या डोक्यात तो युयुत्सु असणार. तिथे गांधारी त्याला झिडकारते आणि तो शेवटी आत्महत्या करतो. नाटक म्हणून जबरदस्त, पण महाभारतातला युयुत्सु मरत नाही, राज्य सांभाळत राहतो. भारतींचा शेवट उचलू नका. जगणाऱ्याची गोष्ट अजून कुणी पुरती लिहिलेली नाही.

आता पोटप्रश्न.

आईचं नाव: महाभारतात नाही. इकडेतिकडे जी नावं दिसतात ती नंतरच्या सांगण्यांतली. तुम्ही 'मी' वापरताय, तर मुलगा आईला नावानं हाक मारत नाही. 'आई' पुरे. इतरांनी तिला कशी हाक मारली, किंवा मारलीच नाही, हे दाखवा, ते जास्त बोलेल. ती कधी वारली तेही संहितेत नाही, म्हणजे युद्धानंतर तिला जिवंत ठेवायला तुम्ही मोकळे आहात. गांधारीचे शंभर गेले आणि हिचा एक राहिला, या दोघी एकाच वाड्यात. हे मी तुमच्या जागी सोडलं नसतं.

मुभा किती: संहिता जिथे स्पष्ट बोलते तिथे तिला धक्का लावू नका, जिथे गप्प आहे तिथे हवं ते करा. हा कायदा नव्हे, माझी आवड आहे. पण याचा व्यवहारात फायदा असा की 'विकृतीकरण' म्हणून कुणी अंगावर आलं तर तुम्हाला श्लोक दाखवता येतो. आणि ही रीत काही आजची नाही. भासानं 'ऊरुभंगा'त मांडी मोडलेल्या दुर्योधनाला जी करुणा दिली, ती देताना त्यानं कुणाची परवानगी मागितली नव्हती.

दीडशे पानांचं काय? युद्ध पंधरा-वीस पानांत आणा, तेही आठवणीतून, तुकड्यातुकड्यानं. विषाचा प्रसंग वाढवा. विकर्णाला दोन प्रकरणं द्या. बाकीचं बाजूला ठेवा. फेकू नका, पण परत उघडूही नका.

शीर्षक: 'युयुत्सु' आत्ता फाइलला असू द्या. नुसत्या नावाच्या पौराणिक कादंबऱ्या दुकानात ओळीनं उभ्या असतात आणि हे नाव गिऱ्हाइकाला उच्चारायलाही अवघड. वनभेटीचं प्रकरण लिहून झालं की मला पाठवा, नाव बहुतेक त्यातच कुठेतरी सापडेल.